दाजींची 'जनता'

दाजींनी आप्पांचं एचएमटी 'जनता' उघडलंय. तबकडी पिवळी पडलीय, सहाच्या बाजूला ओल शिरून काळा डाग. दाजींच्या मते तासाभराचं काम. ताईने शेजारचा चहाचा कप आधी उचलून नेला.

चावीचं साधं घड्याळ. 1961 मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. 2016 मध्ये सरकारने हा धंदा गुंडाळायचं ठरवलं, आणि घरोघरी खणात पडलेली घड्याळं एकदम 'व्हिंटेज' झाली.

तबकडी म्हणजे पितळेची पातळ चकती. तिला मागे दोन बारीक पाय. ते यंत्रात शिरतात आणि बाजूच्या स्क्रूंनी आवळतात. पाय तुटला तर लोक दुतर्फी टेपने भागवतात. दाजींनी टेप आधीच कापून ठेवलीय.

टूथपेस्टने प्लास्टिकच्या काचेवरचे चरे खरंच जातात. तबकडीवर मात्र ओला कापूससुद्धा जपून. दाजींनी डाग पुसला. डाग जागेवर आहे. तबकडीवर छापलेल्या 'पॅराशॉक'मधला 'शॉक' मात्र कापसावर आला.

कारखान्यात ही अक्षरं कोणी हाताने काढत नाही. धातूच्या पाटीवर ती अगदी उथळ कोरलेली असतात. खोबणीत शाई भरायची, वरची खरवडून काढायची, मग सिलिकॉनचा मऊ गोळा पाटीवर दाबून शाई उचलायची आणि तबकडीवर टेकवायची. गोळा दबतो, म्हणून बाकदार तबकडीवरही रेघ फाटत नाही. दाजींकडे भाच्याच्या चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश आहे. भिंगातून पाहिलं: ब्रशचा एक केस फुटून बाहेर आलेला, प्रत्येक रेघेच्या शेवटी शाईचा टपोरा थेंब. '17 ज्वेल्स'मधल्या सातला पोट सुटलंय.

"लांबून कळत नाही," दाजी. "मग लांबच ठेवा," ताई.

मुंबईत पुन्हा रंगवलेल्या जुन्या घड्याळांचा मोठा बाजार आहे. केशरी, मोरपिशी तबकड्या, अक्षरं जरा जास्तच ठसठशीत. संग्राहक नाक मुरडून त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. मला विचाराल तर मूळ अक्षरांची मळकी तबकडी केव्हाही बरी. दाजींनी विचारलं नाही.

डाग झाकायला दाजींनी तबकडीवर दिलेले पांढऱ्या रंगाचे थर जाड झाले. मधलं भोक आकसलं, तासकाट्याची नळी कडेला घासू लागली आणि घड्याळ थांबलं. यंत्र ठणठणीत आहे. दाजी त्यालाच तेल घालायला निघालेत.

कपाटात आणखी एक जुनं स्विस घड्याळ आहे, तपकिरी पडलेल्या रेडियमच्या आकड्यांचं. ते मी उचलून माझ्याकडे ठेवलंय. अंधारात चमकत नाही म्हणून रेडियम संपलं असं नव्हे. थकतं ते त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड. रेडियम निम्मं व्हायला 1600 वर्षं लागतात. आकडे खरवडायचे नाहीत, त्यांची धूळ पोटात जाता कामा नये.

'जनता'च्या तबकडीवर दाजींनी शेवटचा लॅकरचा हात पावसात दिला. दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं, तसं पडलं. आता सगळं खरवडून दसऱ्यानंतर पुन्हा. तोवर आप्पांचं 'जनता' चहाच्या बशीत, काटे वेगळे, स्क्रू वेगळे. पैकी एक स्क्रू ताईच्या मते केरात गेलाय.