दोनशे मीटर बटरफ्लाय

दोनशे मीटर बटरफ्लाय म्हणजे पन्नास मीटरच्या तलावाच्या चार फेऱ्या. चौथ्या फेरीत खांदे भरून येतात आणि हात पाण्याबाहेर निघेनासे होतात. मायकेल फेल्प्स ही शर्यत पाच ऑलिंपिकमध्ये पोहला. एडीएचडी हा लक्ष आणि चंचलतेशी संबंधित विकार असलेला मुलगा खेळातून कसा घडत गेला, हे या एका शर्यतीत जेवढं दिसतं, तेवढं त्याच्या 28 ऑलिंपिक पदकांच्या यादीत दिसत नाही.

फेल्प्सचा जन्म 1985 साली बाल्टिमोरमध्ये झाला. पायाला भिंगरी, हाताला सतत चाळा. नवव्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं. हा कशावरच लक्ष देऊ शकणार नाही, असं एका शिक्षिकेनं आईला ऐकवलं. आई डेबी स्वतःही शिक्षिका. वाचनाचा कंटाळा करणाऱ्या मुलापुढे तिनं वर्तमानपत्राचं क्रीडापान ठेवलं. गणितं घातली गेली तीही पोहण्याच्या वेगाची. त्यावरचं रिटालिन हे औषध काही वर्षं चालू होतं, मग त्याच्याच आग्रहावरून बंद झालं. (प्रत्येकाला औषध सोडणं जमतं असं नाही, जमायलाच हवं असंही नाही. एडीएचडी असलेली जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स रीतसर परवानगी काढून औषध घेत असे आणि 2016 मध्ये तिनं ते उघड सांगितलं.)

एडीएचडीत लक्ष नसतं, हा समज अपुरा आहे. लक्ष असतं, ते हव्या त्या वेळी हव्या त्या कामाकडे वळवणं अवघड जातं. मन रमलं तर असं मूल तासन्‌तास हलत नाही. तलाव इथे उपयोगी पडतो. तळाशी काळी रेघ, दोन्ही बाजूंना दोर, भिंतीवर घड्याळ. पुढचं काम नेहमी एका भिंतीपुरतं. अर्थात पाण्यानं एडीएचडी बरी केली, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. सातव्या वर्षी पोहायला लागलेला हा मुलगा तोंड पाण्यात घालायला घाबरे, म्हणून आधी उताणं पोहायला शिकला. दंगा केला की जीवरक्षकाच्या खुर्चीपाशी बसायची शिक्षा होई. दहाव्या वर्षी शर्यतीत दुसरा आला, तर गॉगल उपटून फेकला. तेव्हापासून प्रेक्षकांत बसलेली आई बोटांनी इंग्रजी ‘सी’ अक्षर करून दाखवू लागली: ‘कम्पोज युअरसेल्फ’, स्वतःला सावर.

अकराव्या वर्षी बॉब बोमन हे प्रशिक्षक भेटले. 2000 मध्ये सिडनीत, पंधराव्या वर्षी, फेल्प्स या शर्यतीत पाचवा आला. पुढच्या मार्चमध्ये 1:54.92 चा विश्वविक्रम केला. अथेन्समध्ये सुवर्ण. बोमन शर्यतीआधी मनातल्या मनात ती पूर्ण पोहायला लावत, बिघाडासकट. एकदा तर त्यांनी मुद्दाम त्याचा गॉगल पायाखाली चिरडला होता.

2008 मध्ये बीजिंगला सूर मारताच गॉगलमध्ये पाणी शिरलं. अखेरीस भिंतही दिसेना. फेल्प्स हात मोजत पोहला आणि 1:52.03 या नव्या विश्वविक्रमासह जिंकला. शर्यत संपल्यावर गॉगल ओढून काढला तेव्हा चेहऱ्यावर वैताग होता. त्याला आणखी कमी वेळ हवी होती. एकेकाळी वर्गात स्वस्थ न बसणाऱ्या मुलानं आंधळेपणी मोजणी चुकू दिली नाही, याचं मोल इथे विक्रमापेक्षा जास्त वाटतं.

2012 ला लंडनमध्ये मात्र शेवटचा हात मारण्याऐवजी तो भिंतीकडे तरंगत गेला आणि चॅड ले क्लोसनं त्याला 0.05 सेकंदांनी हरवलं. सरावात तो असाच आळस करत आला होता. मग निवृत्ती. तलाव सुटला आणि दिवसाची चौकटही. नैराश्य वाढत गेलं. 2014 मध्ये तो उपचारासाठी दाखल झाला; पुढे त्याविषयी उघडपणे बोलला.

2016 मध्ये रिओला, निवृत्ती मागे घेऊन परतल्यावर, एकतिसाव्या वर्षी, तीच शर्यत त्यानं 1:53.36 मध्ये जिंकली. जपानचा मासातो साकाई अवघ्या 0.04 सेकंदांनी मागे होता. पदक घेतल्यावर फेल्प्स प्रेक्षकांत चढला. तिथे आई होती, आणि तीन महिन्यांचा मुलगा.