लोटाभर आंबील

माणसाला कोणत्या वयात कोणता नाद लागेल, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. माझा पुतण्या लातूरजवळच्या आमच्या गावात वाढला, शिकून अमेरिकेत गेला, नोकरीला लागला, आणि गेल्या दिवाळीच्या पाडव्याला त्याने मला फोनवर सांगितले, "काका, मी घरी बिअर करायला लागलोय!"

नांदेडच्या घरी मी करंजी खात बसलो होतो. ती घशातच अडकली. "अरे, घरात दारू गाळतोस?"

"गाळत नाही काका. दारू गाळतात, बिअर आंबवतात."

हा सूक्ष्म भेद मला नवा होता. तिकडे कायद्याची आडकाठीही नाही. घरच्यापुरती बिअर करण्यासाठी लागणारा परवाना इंग्लंडने १९६३ साली रद्द केला आणि अमेरिकेत तशी मुभा देणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली सही केली. आपल्याकडे मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तेव्हा परवान्यावाचून आपल्या स्वयंपाकघरात हा उद्योग चालायचा नाही, हे मी सौभाग्यवतीला तत्काळ सांगून टाकले. तिने काही विचारले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

पुतण्याचा कारखाना फार बेताचा होता. घरातले मोठे पातेले, पातळ कापडाची पिशवी, एक तापमापक आणि झाकणाची बरणी. एका खेपेला चार-पाच लिटरच करायची, म्हणजे बिघडली तरी किलोभर धान्यच जाते. मोड आणून वाळवलेले जव भरडून पिशवीत घालायचे आणि ६५ ते ६८ अंश गरम पाण्यात तासभर ठेवायचे. मोड येताना दाण्यात जी पाचके तयार होतात, ती या उबेत पिठाची साखर करतात. पाणी फार तापले तर ती मरतात, निवले तर आळसावतात; म्हणून पातेल्याला चक्क कांबळे गुंडाळायचे. मग पिशवी निथळून ते गोड पाणी हॉप्सची कडू फुले घालून उकळायचे, निववायचे, यीस्ट घालायचे आणि पंधरा दिवस वाट पाहायची.

हे सारे हिने माझ्या खांद्यामागे उभे राहून ऐकले. म्हणाली, "धान्य, ऊन पाणी, कांबळे आणि वाट पाहणे. ही तर सासूबाईंची आंबील!"

लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना आंबील समजावून सांगणे म्हणजे मासोळीला पोहणे शिकवणे. इतरांसाठी सांगतो. दिवाळीनंतर दोन महिन्यांनी मार्गशीर्षातली अमावास्या येते, ती आमची येळवस. त्या दिवशी गाव ओस पडते आणि शिवारे भरतात. कडब्याच्या खोपीत पूजा होते. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर असा बेत असतो. आणि डोक्यावरून आणलेल्या मडक्यात असते ज्वारीची आंबील. तिच्यात नशा नाही, तान्ह्या पोराच्या आईपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे ती पितात. जवाच्या पाण्यात यीस्ट जे काम करते, ते इथे ताकातले सूक्ष्म जीव करतात, एवढाच फरक. ते मद्य करीत नाहीत, आंबटपणा देतात. दक्षिण आफ्रिकेत मात्र ज्वारीला मोड आणून मक्याच्या पिठाबरोबर खरीच बिअर करतात, तीही आधी आंबवूनच. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. तिला दोन्ही विद्या येत असल्या तर नवल नाही.

आई मोठे मडके भरून आंबील करायची. अपवाद एकच. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच्या आधीच्या जानेवारीतली ती येळवस. विहिरीने तळ दाखवला होता. आईने माळ्यावरून घागरीएवढे लहान मडके काढले आणि म्हणाली, "थोडी करू, पण करू." त्या वर्षी वाटी वाटीच वाट्याला आली, पण गड्यांपासून पोरांपर्यंत कुणी सुटले नाही.

पुढे आई गेली. वर्षश्राद्धानंतर आम्हां भावांची वाटणी झाली. बांधावरून शब्दाला शब्द लागला आणि थोरल्या भावाशी माझे बोलणे थांबले. माझा वाटा मी बटईने दिला. सहा वर्षे मी येळवशीला गेलो नाही. बापाशी अबोला आणि पोराशी फोन, असा आमचा विचित्र व्यवहार होता.

"आपण दोघांपुरती करून पाहू," ही म्हणाली. येळवशीच्या आठ दिवस आधी आम्ही वाटीभर ज्वारीचे पीठ दोन वाट्या ताकात कालवून लोट्यात भिजत घातले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर पीठ तळाशी आणि पाणी वर. तिसऱ्या दिवशी वास आला, पण तो नको तसला. मी अमेरिकेला फोन लावला.

"काका, थोडा माल ऊब धरीत नाही," पुतण्या तज्ज्ञाच्या आवाजात म्हणाला. "मोठे मडके रात्रभर कोमट राहते, लोटा तासाभरात गार पडतो. त्याला कांबळ्यात गुंडाळा. आणि ताक कुठले?"

"पिशवीतले. दुकानातले."

"मग त्यात जीव असेलच कशावरून? आजीचे विरजण आईकडे अजून चालू आहे. रोज लावतात ना." जरा थांबून तो म्हणाला, "जाऊन घेऊन या की."

पोरगा विरजणाविषयीच बोलत होता, असे मी अजूनही मानतो.

येळवशीच्या आदल्या दिवशी रिकामा लोटा घेऊन मी एस.टी.त बसलो. लोहा गेले, अहमदपूर गेले, चाकूर गेले. लोटा मांडीवर होता आणि वाटणीचा कागद डोळ्यांपुढे. त्यात बैल होते, बांध होते, विहिरीच्या पाण्याचे वारसुद्धा होते. विरजणाचा उल्लेख नव्हता. आईच्या मागे, वाटून संपणार नाही अशी वस्तू घरात तेवढीच होती आणि तीच वाटायची राहिली होती.

भाऊ ओसरीवर बसला होता. माझ्याकडे न पाहता त्याने लोट्याकडे पाहिले. "काय पाहिजे?"

"विरजण."

तो आत तोंड करून म्हणाला, "अगं, नांदेडचे पाव्हणे विरजणाला आलेत." पाव्हणे हा शब्द मला जिथे लागायचा तिथे लागला.

वहिनी बाहेर आल्या. म्हणाल्या, "भावजी, लोट्यात हिंदकळंल. थांबा." आणि आतून मडके घेऊन आल्या. तेच, दुष्काळातले. त्यांनी ते विसळले, तळाला विरजण घातले, वर ताक ओतले आणि फडके बांधले.

"किती माणसांची करणार?" भावाने विचारले.

"दोघांची."

"दोघांची कुठं आंबील असती व्हय?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "इथं भिजवलेली हाय. उद्या वावरात या. तिलाबी बोलाव."

ही रात्रीच्या गाडीने आली. पहाटे वहिनींनी आंबलेल्या पिठातले वाटीभर बाजूला काढले, उरलेले उकळत्या पाण्यात सोडून शिजेपर्यंत हाटले, निवल्यावर ताक, मीठ, लसूण-जिरे आणि कोथिंबीर घातली. मोठे मडके भावाने डोक्यावर घेतले. लहान मडके मी घेतले. बांधावर आम्ही दोघेही जरा अडखळलो. मडक्याचा तोल सांभाळायचा होता, म्हणून बोललो नाही.

संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. "काका, जमली का? किती दिवस आंबवली?"

भाऊ शेजारीच बसला होता. मी म्हणालो, "सहा वर्षे."