अगाशीवरचं ऊन

आमची थोरली सुरतेला उधन्यात दिली. जावई मूळचे खानदेशचे, कापड रंगवायच्या मिलमध्ये सुपरवायझर. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, आणि मी गेले की नातीशी कन्नड. जत भागातल्या आपल्यासारख्यांना या सरमिसळीचं काय नवल!

2021 च्या दिवाळीनंतर मी चांगली सहा महिने तिथे राहिले. कोळसा भडकला होता. सुरतेच्या मिलमधल्या बॉयलरना इंडोनेशियाचा कोळसा बराच लागतो, आणि जानेवारी 2022 मध्ये त्या देशाने काही दिवस निर्यातच बंद केली. मग युक्रेनचं युद्ध आलं. हजिऱ्याला जहाजाने उतरणारा गॅसही महागला. उन्हाळ्यात वीजकेंद्रांना कोळसा पोचावा म्हणून रेल्वेने प्रवासी गाड्या रद्द केल्या. जावयांची मिल आठवड्यातून दोन दिवस बंद राहू लागली. बंद दिवसाचा पगार नाही. घराचा हप्ता मात्र चालूच.

त्यातच लेकीने अगाशीवर सोलर बसवायचं काढलं. अगाशी म्हणजे गच्ची. सुरतकरांचं निम्मं आयुष्य तिथेच. उत्तरायणाचे पतंग तिथे, चांदणी पडव्याची घारी तिथे, विहीणबाईंचे पापड-कुरडयाही तिथेच. "पगार अर्धा झालाय, आणि आत्ताच कर्ज?" विहीणबाई म्हणाल्या. त्यांचं चूक नव्हतं. लेक म्हणाली, "आई, पगार आपल्या हातात नाही, बिल तरी हातात येईल." 'सूर्य गुजरात' योजनेत 3 किलोवॅटपर्यंत 40 टक्के अनुदान होतं. शेवटी जिन्याकडचा भाग पापडांना सोडून, मागच्या बाजूला पत्रे उंचावर बसवायचं ठरलं. पत्रे चढवायला दोन दिवस, पण मीटरच्या कागदांना दीड महिना!

तेव्हा मला एक उमगलं. सुरतेपासून जवळच काकरापारला अणुवीज केंद्र आहे. तिथल्या तिसऱ्या संचाचं बांधकाम 2010 मध्ये सुरू झालं आणि व्यापारी वीज मिळू लागली 2023 मध्ये. अडचणीच्या वर्षात तेरा वर्षं कोण थांबणार? गच्चीवरचा सोलर त्याच हंगामात कामाला लागतो. 3 किलोवॅटचे पत्रे उन्हाच्या दिवसात साधारण बारा युनिट देतात. लेकीचं बिल जवळजवळ संपलं.

पण खरं ते सांगायला हवं. त्या पत्र्यांनी मिलचा बॉयलर पेटला नाही. रंगाईला वाफ लागते, रात्रपाळीला रात्रीची वीज लागते. देशाच्या वीजक्षमतेचा निम्मा वाटा 2025 मध्ये बिगर-कोळसा, बिगर-तेल-गॅसचा झाला, तरी प्रत्यक्ष विजेतला मोठा भाग कोळशाचाच. साठवणीची सोय झाल्याशिवाय सूर्य मावळला की पुन्हा कोळसाच.

आता हा प्रश्न आमच्या माहेरी आलाय. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0' मध्ये जमीन भाड्याने घेतात. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी 3 टक्के वाढ. भावाला माळाबद्दल विचारणा झाली. पाऊस नाही, पीक नाही, भाडं मात्र नक्की. तो खूश. वहिनी मात्र गप्प. त्या माळावर मेंढरं चरतात आणि खालच्या पट्टीत तीन बायका खुरपायला येतात.

कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात पावगड्याला 2,050 मेगावॅटचं सौर उद्यान झालं. सुमारे 13,000 एकर, सुरुवातीला एकराला वर्षाला 21,000 रुपये भाडं ठरलं. जमीनवाल्यांची सोय झाली. पण ज्यांना जमीन नव्हती, त्यांची शेतमजुरी गेली. भाड्याची पावती मालकाच्या नावाने निघते, खुरप्याच्या नावाने नाही.

भावाने अजून सही केलेली नाही. आम्ही बहिणींनी त्याला एवढंच सुचवलंय: खडकाळ तुकडा दे, विहिरीकडचा ठेव. मेंढरांना वाट सोडायची अट आधी कागदावर घे. पत्रे धुवायला, गवत काढायला माणसं लागतीलच, ती याच बायकांतून घ्या म्हणून लिहून माग. घाईच्या काळात कागद झटपट होतात आणि वर्षानुवर्षं बांधून ठेवतात. तुमच्या घरीही असा कागद आला असेल, तर सही करण्याआधी त्या शेतात राबणाऱ्यांना एकदा बोलवा. बिसिलु म्हणा की ऊन म्हणा, पडतं ते सगळ्यांच्याच अंगावर.