लाइन कोणासाठी?

कॉलेजच्या इंटरनेटबद्दल माझं मत बरीच वर्षं ठाम होतं. लाइन हवी ती ऑफिसला. प्रवेश, परीक्षेचे फॉर्म, निकाल, सगळं मुंबई विद्यापीठाशी ऑनलाइन चालतं. परीक्षेच्या दिवशी तर प्रश्नपत्रिकाच नेटवरून उतरवून घ्यायची, झेरॉक्स काढायच्या आणि वर्गात पोचवायच्या. त्या अर्ध्या तासात लाइन गेली की काय होतं, ते शहापूर-मुरबाडकडच्या कुठल्याही प्राध्यापकाला विचारा. मुलांच्या हातात २०१६ नंतर स्वस्त फोरजी आलंच होतं. त्यांना वेगळं वायफाय कशाला, असं मी मीटिंगमध्ये उघड म्हणायचो.

आज मी असं म्हणणार नाही.

शहापूर तालुक्यातल्या डोळखांबकडची एक मुलगी आमच्याकडे टीवायला होती. तिने प्रोजेक्टला पाण्याचा विषय घेतला. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय, भातसा-वैतरणाही याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकर इथेच. लायब्ररीत यावर काही मिळेना. तेव्हा ग्रंथपालांनी तिला एन-लिस्ट उघडून दिलं. इन्फ्लिबनेटची ही ऑनलाइन वाचनाची सोय कॉलेजांसाठी २०१० पासून आहे. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'सारखी नियतकालिकं त्यात वाचता येतात. लॉगिन असलं तर घरूनही उघडतं, पण तिच्या घरी रेंज नाही, आणि दोन कॉलमांचा लेख फोनवर एकेक ओळ सरकवत वाचावा लागतो. कॉलेजमधल्या मोठ्या स्क्रीनसमोर ती वही घेऊन बसली आणि इंग्रजी अडलं की विचारत गेली. मग म्हणाली, "सर, हे आपल्याकडे आधीपासून होतं?"

होतं. वर्गणी भरली जात होती, पावती नॅकच्या मूल्यांकनाच्या फाइलीला लागत होती. मुलांना पासवर्ड कोणी दिला नव्हता.

नेट म्हणजे व्यवहार, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. आमच्या मुरबाड तालुक्यातलं धसई डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं, दुकानादुकानात स्वाइप मशीन आलं. वाचायला नेट हवं, हे मात्र कोणाच्या डोक्यात नव्हतं. आणि जाड तार कुठे जाते, ते सरकारी योजनेत दिसतं. माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाच्या २००९ च्या राष्ट्रीय मिशनमध्ये विद्यापीठाला १ गिगाबिटची जोडणी होती, तर कॉलेजांना ब्रॉडबँड, एकेका जोडणीचा वेग ५१२ किलोबिट. एका जोडणीच्या हिशोबाने जवळजवळ दोन हजार पटींचा फरक! मुंबईतल्या मुलाला कलिन्याचं ग्रंथालय आहे, एशियाटिक आहे. आमच्या मुलीला कॉलेजची ही एक लाइन सोडली तर काय आहे? म्हणून जाड तार इकडेच हवी, आणि ती ऑफिसच्या आधी वाचनालयात जायला हवी, असं आता माझं स्पष्ट मत आहे.

प्रवेश घेतला त्याच दिवशी, ओळखपत्राबरोबर, मुलांच्या हातात लॉगिन पडलं पाहिजे. आणि गावाकडची एसटी चुकू नये म्हणून मुली दुपारीच निघतात, तेव्हा संगणकाची खोली सकाळी पहिल्या तासाच्या आधी उघडायला हवी. किल्ली मी माझ्याकडे मागितली आहे.