देवळालीचा ताप

पूर्व लंडनमध्ये राहायला आलं की 'डुलाली' हा शब्द फार दिवस लपून राहत नाही. बसमध्ये कानावर पडतो, दवाखान्याच्या रांगेत पडतो, शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयांच्या गप्पांत पडतो. नातवंडांच्या दंग्यानं हैराण झालेली आजी म्हणते, आता मी डुलाली होणार. डोकं फिरणं, भ्रमिष्टासारखं वागणं असा त्याचा अर्थ. पण ती शिवी नव्हे, घरगुती वैतागाचा शब्द आहे. मी ज्या इस्पितळाच्या कचेरीत काम करते तिथल्या एका बाईंना मी सांगितलं, की हे आमच्याकडच्या गावाचं नाव आहे, तिथे स्टेशन आहे, गाडी थांबते. त्यांनी मला फोनवर नकाशा उघडायला लावला. नाशिक रोडच्या अलीकडे देवळाली दिसल्यावर त्या क्षणभर बघतच राहिल्या आणि मग त्यांनी एकच विचारलं: तिथे असं झालं तरी काय होतं?

फार चांगला प्रश्न आहे हा. वाक्प्रचाराचा अर्थ सगळेच विचारतात. तिथे काय झालं होतं, हे क्वचित कुणी विचारतं.

देवळालीला १८६१ पासून ब्रिटिश फौजेचा तळ होता. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे थांबत. फौजेची ने-आण करणारी जहाजं साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच काळात चालत. ज्याची मुदत एप्रिलमध्ये भरली त्याला सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा तळावर काढावा लागे. हाताला काम नाही, अंगावर जबाबदारी नाही, घरी कधी पोचणार याचा पत्ता नाही. वर नाशिककडचा वैशाख, हिवतापाचे डास आणि स्वस्त दारू. वर्षानुवर्षं चांगली वागलेली माणसं तिथे बिथरत. कुणी तुरुंगात जाई, कुणी इस्पितळात. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या साध्या शिपायानं १९३६ साली 'ओल्ड सोल्जर साहिब' या आठवणींच्या पुस्तकात त्या तळाबद्दल लिहिलं आहे. माणूस विचित्र वागू लागला की सोबती म्हणत, याला 'डुलाली टॅप' झाला. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून पडला आणि गावाचं नाव तेवढं उरलं. १९७४ पासून काही वर्षं बीबीसीवर देवळालीच्या तळावर बेतलेली एक विनोदी मालिका लागत असे; तिच्यामुळे हा शब्द आणखी घराघरांत गेला. ती बघून हसलेल्यांना तापाची आठवण असेल असं मला वाटत नाही.

रत्नागिरीच्या माणसाला जहाजाची वाट बघणं नवीन नाही. आमच्याकडे ज्येष्ठात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद असतो. मिरकरवाड्यात त्या दिवसांत जाळी विणली जातात, फळ्यांच्या फटी बुजवल्या जातात, इंजिनं उघडून ठेवली जातात. वाट बघायची तीही हात चालते ठेवून. देवळालीच्या शिपायांना नेमकं तेच मिळालं नाही. म्हणून 'डुलाली' ऐकताना मला हसू येत नाही. एका मोठ्या साम्राज्यानं आपलीच माणसं एका माळावर नुसती बसवून ठेवली, त्याची ही नोंद आहे.

शाळेत आम्ही इंग्रजी वाक्प्रचार पाठ करत असू. एका बाजूला वाक्प्रचार, दुसऱ्या बाजूला अर्थ. 'बाय अँड लार्ज' म्हणजे सर्वसाधारणपणे. 'बिटर एंड' म्हणजे अगदी शेवटपर्यंत. परीक्षेपुरतं भागलं. पण हे दोन्ही शिडाच्या जहाजावरचे शब्द आहेत, आणि ते ज्या कामातून आले ते काम रत्नागिरीच्या पोरांना समुद्रावर रोज दिसत होतं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. वारा समोरून येत असताना शीड आवळून, जमेल तेवढं वाऱ्याच्या तोंडाला लागून जाणं म्हणजे 'बाय'. वारा मागून किंवा कुशीवरून येतो तेव्हा मोकळं सुटणं म्हणजे 'लार्ज'. दोन्ही तऱ्हांनी नीट चालतं ते जहाज चांगलं. १६६९ साली सॅम्युअल स्टर्मीनं नाविकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात हे शब्द सापडतात. आज बँकेतला साहेब ते कर्जाच्या अर्जाबद्दल बोलताना वापरतो.

'बिटर एंड' तर मला विशेष आवडतो. नांगराचा दोर डेकवरच्या ज्या भक्कम खुंट्यांना गुंडाळलेला असतो त्यांना इंग्रजीत 'बिट्स' म्हणतात. दोराचं जे टोक आत, खुंट्यांपाशी राहतं ते 'बिटर्स एंड', असं कॅप्टन जॉन स्मिथनं १६२७ सालीच लिहून ठेवलं आहे. दोर तिथवर सुटला म्हणजे आता हातात आणखी दोर नाही. पाणी त्याहून खोल असेल तर नांगर धरणार नाही. कडू शेवट असा अर्थ घेऊन हा वाक्प्रचार वापरणारे पुष्कळ भेटतात. पण पावसाच्या तोंडावर भाट्याच्या खाडीच्या मुखाशी होडी नांगरलेल्या माणसाला तो न सांगता कळेल.

दारू चढलेल्या माणसाला इथे म्हणतात, 'थ्री शीट्स टू द विंड'. ऐकणाऱ्याला वाटतं शीट म्हणजे शीड. शीट हा दोर आहे, शिडाचा खालचा कोपरा आवरून धरणारा. आमच्याकडे त्याला दामण म्हणतात. तो सुटला की शीड फडफडतं आणि जहाज झिंगल्यासारखं हेलकावतं. राजिवड्यातले एक चाचा (उभी हयात बोटीवर गेलेले, पुढे खाडीत छोटा मचवा हाकणारे) हा दोर कधीच पक्का बांधत नसत. खुंटीला एक वेढा, आणि टोक डाव्या मुठीत. वाऱ्याचा झोत आला की मूठ किंचित सैल करायची, दोर सरसर हातभर सुटायचा, होडी कललेली पुन्हा सरळ. तळहाताच्या मधोमध कातडं चामड्यासारखं चकाकत होतं. बांधून ठेवला तर वारा मालक होतो, असं ते म्हणत. इंग्रजीतला तो वाक्प्रचार पुस्तकात वाचला तेव्हा मला आधी त्यांची मूठ दिसली, अर्थ नंतर.

आता 'पॉश'बद्दल लिहायला हवं, कारण या शब्दाची जी कथा सांगितली जाते ती आपल्या किनाऱ्याला लागून जाते. विलायतेहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या जहाजावर जाताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची खोली सावलीत असे. श्रीमंत उतारू ती मागून घेत. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार शब्दांची आद्याक्षरं तिकिटावर ठोकली जात आणि त्यातून 'पॉश' आला. मेजवान्यांत ही कथा मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे, आपल्या मराठी मंडळींच्याही. ती खरी नाही. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट कधी सापडलेलं नाही. 'पॉश' हा शब्द रुबाबदार या अर्थानं १९१४ पासून छापील इंग्रजीत आहे, आणि ही कथा १९३५च्या सुमारास प्रथम पुढे येते. बोंबलाला 'बॉम्बे डक' का म्हणतात, तर तो डाकगाडीनं जाई म्हणून, ही कथाही तशीच. हे नाव १८५३ साली आगगाडी सुरू झाली त्याच्या आधीपासून इंग्रजीत आहे. बोंबलाला वास येण्यासाठी रेल्वेची गरज कधीच नव्हती.

बोंबलाची कथा मी सोडून देते. 'पॉश'ची सोडवत नाही. त्या जहाजांवर सावली कुणाला मिळाली हे ती आठवणीनं सांगते, आणि जहाज चालवलं कुणी याबद्दल अवाक्षर काढत नाही. पी अँड ओच्या डेकवर आमच्या रत्नागिरीकडची माणसं होती. डेकवर कोकणातले आणि गुजरातेतले, खाली इंजिनखोलीत पंजाब आणि पठाण मुलखातले, जेवणघरात गोव्याचे अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालली. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५० हजार हिंदी खलाशी होते. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा तिसरा-चौथा हिस्सा त्यांना मिळे. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या नियमांत झोपायला गोऱ्या खलाशाला ७२ घनफूट जागा होती, हिंदी खलाशाला ३६. कुठल्या बाजूच्या खोलीत सावली पडते हा प्रश्न त्या ३६ घनफुटांत उद्भवत नव्हता.

इंग्रजीत त्यांचं नाव लॅस्कर, म्हणजे लष्करातून आलेला शब्द. त्यांच्या मुकादमाला इंग्रज 'सेरँग' म्हणत, तो आपला सारंग. त्याच्या हाताखालचा 'टिंडल' म्हणजे आपला तांडेल. हे दोन्ही शब्द इंग्रजी कोशांत आहेत. यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा जाडजूड कोश १८८६ साली लंडनमध्ये निघाला. त्यात हे शब्द आहेत, मुंबईच्या डोंगरी भागाचं नाव घेऊन निघालेलं जाडंभरडं 'डंगरी' कापड आहे, मुंगसाचा 'मंगूस' आहे. पण त्याहून मोलाचं पुस्तक मला थॉमस रोबकचं वाटतं. १८११ साली त्यानं कलकत्त्यात जहाजावरच्या हिंदुस्तानी बोलीचा कोश काढला, आणि १८८२ साली तो 'लस्करी डिक्शनरी' या नावानं पुन्हा सुधारून निघाला. साहेबाला हुकूम देता यावेत एवढ्यासाठी तो होता, हे खरं. तरी खलाशी एकमेकांशी काय बोलत हे त्यामुळे कागदावर राहिलं. अरबी, फारसी, पोर्तुगीज, मराठी, गुजराती, इंग्रजी यांची ती मिसळ होती. त्यातले दोन हुकूम आजही जिवंत आहेत. मुंबईच्या गोदीत क्रेनखाली उभा असलेला माणूस अंगठा वर करून ओरडतो 'हबेस', म्हणजे उचल. आणि हात खाली करत 'आरिया', म्हणजे सोड. आरिया पोर्तुगीजांचा. ओरडणाऱ्याला तो पोर्तुगीज आहे याची पर्वा नाही, आणि तशी असण्याचं कारणही नाही.

लंडनमध्ये वेस्ट इंडिया डॉक रोडवर १८५७ साली एक वसतिगृह उघडलं, आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण समुद्राच्या बेटांवरच्या खलाशांसाठी. जहाज गेलं आणि माणूस मागे राहिला, की त्याला तिथे छप्पर मिळे. जोसेफ सॉल्टर नावाच्या मिशनऱ्यानं तिथल्या सोळा वर्षांच्या कामाचं पुस्तक १८७३ साली लिहिलं. आज ते घर नाही. त्या रस्त्यानं मी कामावर जाते, आणि मला राहून राहून वाटतं, की रत्नागिरीहून लंडनला येण्याचा पहिला मान विमानानं आलेल्या आम्हा नोकरदारांचा नाही. आमच्या आधी शंभर-दीडशे वर्षं राजिवड्यातली, जयगडची, दाभोळची माणसं थेम्सच्या काठाला उतरली होती. त्यांनी इथे शब्द सोडले, आणि इथले शब्द घरी नेले. चाचा 'स्टँड बाय' म्हणत तेव्हा आम्हाला तो त्यांच्या घरचाच शब्द वाटे.

टॉवर हिलला व्यापारी जहाजांवर मेलेल्या माणसांचं मोठं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धातली सुमारे १२ हजार नावं तिथे ब्राँझवर कोरली आहेत. हिंदी करारावर कामाला असलेल्या खलाशांची नावं त्यात शोधून सापडत नाहीत. त्यांचं स्मारक मुंबईत, मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. लोकल पकडायला त्या बाजूनं रोज हजारो माणसं जातात. कोकणातून मुंबईला गेलेल्यांनी एकदा तिथे जावं असं मला मनापासून वाटतं. बोटीवर गेलेल्यांच्या घरांतल्या लोकांनी तर जावंच.

आणि एक काम उरलं आहे, ते लंडनमध्ये बसून होणारं नाही. रोबकनं साहेबासाठी कोश केला. आपल्यासाठी तो अजून कुणी केलेला नाही. राजिवडा, मिरकरवाडा, साखरतर, जयगड इथे बोटीवर जाऊन आलेले म्हातारे अजून आहेत, पण थोडे. त्यांच्याशेजारी वही घेऊन बसायला हवं. शिडाच्या प्रत्येक दोराला काय म्हणता, तोंडावरच्या वाऱ्याला काय आणि पाठीवरच्या वाऱ्याला काय, नांगर धरत नाही तेव्हा काय म्हणता, काम न करता मिरवणाऱ्या खलाशाला सारंग काय म्हणायचा, लंडनला कोणत्या नावानं हाक मारत होतात. फोनवर आवाजही टिपून ठेवावा, कारण 'हबेस' कागदावर उतरतो, त्याची आरोळी उतरत नाही. रत्नागिरीतल्या कॉलेजच्या मराठीच्या मुलांना हा प्रकल्प देता येईल. मी मे महिन्यात येते आहे, सुरुवात चाचांच्या घरापासून करणार आहे. ते नाहीत आता, पण त्यांच्या धाकट्या भावानं दोन वर्षं तांडेल म्हणून काढली आहेत आणि त्यांनी फोनवर सांगितलं आहे, की ये, पण दुपारी ये, सकाळी मी जाळ्यावर असतो.