तोंडात कुंचला

मोठे डोळे, टोकदार कान आणि तोंडात आडवा धरलेला कुंचला. गिंप म्हणजे फोटो आणि चित्रांवर काम करायचं मोफत सॉफ्टवेअर, त्याच्या चिन्हावरचा हा चेहरा. फिनलंडच्या टुओमास कुओस्मानेननं तो रेखाटला आणि त्याचं नाव ठेवलं विल्बर. मला हा चेहरा गिंपला अगदी शोभतो असं वाटतं. देखणेपणाचा आव नाही, सतत कामात असल्याची खूण मात्र आहे.

गिंप स्वाभिमानी आहे आणि हा स्वाभिमान त्याला जन्मापासून मिळालेला आहे. १९९५ साली कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या विद्यापीठात स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहायला घेतला. पहिल्यांदा त्याची बटणं आणि खिडक्या मोटिफ नावाच्या विकतच्या साधनावर उभ्या होत्या. हे परावलंबन त्यांना नको होतं, म्हणून त्यांनी बटणं-खिडक्या घडवायचं स्वतःचं साहित्य तयार केलं: जीटीके. गिंपच्या गरजेतून निघालेल्या त्या साहित्यावर पुढे लिनक्सवरचा ग्नोम हा अख्खा डेस्कटॉप उभा राहिला. रेषेची कामं करणारा इंकस्केपही त्यावरच चालतो.

आता सातारा जिल्ह्यातल्या औंधसारख्या गावातला फोटो स्टुडिओ डोळ्यांसमोर आणा. पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका, वाढदिवसाचा फ्लेक्स, पौषातल्या यमाईदेवीच्या यात्रेचे शुभेच्छा फलक, सगळं एकाच टेबलावर. फोटोशॉप आणि कोरल शिकल्याशिवाय या धंद्यात कुणी उभं करून घेत नाही. फोटोशॉप तर २०१३ पासून महिन्याच्या वर्गणीवर गेलं. गावातली मिळकत हंगामी, यात्रा आणि लग्नसराईपुरती. वर्गणी मात्र आषाढातही द्यायची. मग पेनड्राइव्हमधून क्रॅक केलेली प्रत येते आणि पुष्कळदा तिच्याबरोबर व्हायरसही. म्हणून गिंप फुकट आहे एवढंच सांगितलं तर त्याच्यावर अन्याय होतो. त्याची खरी तुलना महागड्या सॉफ्टवेअरशी नसून चोरीच्या प्रतीशी आहे. तो ज्या टेबलावर बसतो तिथला पोरगा आपल्या हत्याराचा उजळ माथ्यानं मालक होतो.

औंधला ही गोष्ट लवकर कळावी. इथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांचं चित्ररामायण १९१६ साली छापून निघालं. १९३८ साली त्यांनी डोंगरावर संग्रहालय उभारलं, त्यात रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं दगडातलं आई-मूल आहे. त्या काळी चित्रकाराला रंग, कापड आणि सवड मिळायची तर पाठीशी राजा लागे. आणि याच राजानं १९३९ साली आपला अधिकार राज्यघटना करून गावोगावच्या पंचायतींकडे सोपवला. गिंपचा परवानाही असाच अधिकार सोपवणारा आहे. गिंपला उघडून आतलं पाहावं, हवं ते बदलावं, दुसऱ्याला द्यावं, हा वापरणाऱ्याचा हक्क तो परवाना लेखी देतो.

कामात गिंपचा हात चांगला आहे. आजोबांच्या जुन्या फोटोवर बुरशीचे ठिपके पडलेले असले तर हील टूल घेऊन तो एकेक ठिपका शेजारच्या कातडीच्या पोतानं भरून काढतो. फोरग्राउंड सिलेक्ट वापरून वाऱ्यानं विस्कटलेले केस मागच्या भिंतीपासून वेगळे करायचं काम किचकट, तेही तो करतो. देवनागरीशी तो विशेष प्रामाणिक आहे. युनिकोडमध्ये ‘श्री यमाईदेवी प्रसन्न’ लिहा. जोडाक्षर फुटत नाही, वेलांटी जागा सोडत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं घडवलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्टही मोफत मिळतात, ते त्याच्या हाती द्यावेत.

उणिवा आहेत, त्या झाकायचं कारण नाही. पूर्वी त्याच्या खिडक्या पडदाभर विखुरलेल्या असत. सगळं एका खिडकीत यायला २०१२ उजाडलं. फोटोशॉपची फाइल तो उघडतो, पण तिच्यातलं सगळंच त्याला झेपेल असं नाही. ऑफसेटवर पत्रिका छापायची तर छापखाना सीएमवायके, म्हणजे छपाईच्या शाईचे रंग मागतो आणि गिंपचं मन पडद्यावरच्या आरजीबीतच रमतं. अशा वेळी पानाची जुळणी स्क्रायबस या सॉफ्टवेअरकडे सोपवावी. हातानं रंगवायचं असेल तर क्रिटा बरा. या मंडळींनाही पैसे द्यावे लागत नाहीत.

तो सावकाश वाढतो, कारण त्याला वाढवणारे बहुतेक स्वयंसेवक आहेत. २०१८ सालच्या २.१० आवृत्तीनंतर ३.० यायला मार्च २०२५ पर्यंत थांबावं लागलं. या थांबण्याचं मोल स्टुडिओवाल्याला बरोबर कळेल. पूर्वी एखादा इफेक्ट दिला की तो चित्रात मुरून जाई. मागे यायचं तर अनडू करत सगळं उलटं चालावं लागे, आणि फाइल बंद केलेली असली तर तेही नाही. आता इफेक्ट लेअरवर वेगळा राहतो, फाइलबरोबर सेव्ह होतो. यात्रेच्या आदल्या रात्री गिऱ्हाईक येऊन ‘साहेबांचा चेहरा जरा उजळ करा की’ म्हणालं, तर कालची फाइल उघडायची, तेवढाच इफेक्ट बदलायचा आणि फ्लेक्स छापायला पाठवायचा.