काटा जागच्या जागी

वजनाच्या काट्याशी माझं कधी वाकडं नव्हतं. उंची पाच फूट दोन इंच, वजन ५६ किलो. दंड बारीक, मनगटं बारीक. पोट सुटलेलं होतं, पण साडीत ते कुणाला दिसतंय? "तुम्हाला काय धाड भरलीय, तुम्ही तर काटक" हे स्टाफरूममध्ये इतकं ऐकलेलं, की सत्तेचाळिसाव्या वर्षी रक्तातल्या साखरेच्या तपासणीत एचबीएवनसी ६.१ आला तेव्हा रिपोर्टवरचं नाव मी दोनदा वाचलं. ६.५ ला मधुमेह म्हणतात, ५.७ पासून त्याची चाहूल. मी गणित शिकवते. दोन्हींमधलं अंतर मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरांनी काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. टेप काढून कंबर मोजली, ८८ सेंटिमीटर भरली. आपल्याकडच्या बायकांसाठी धोक्याची रेघ ८० वर आखलेली आहे. मग त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखात छापलेला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी: पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. युडकिन मॅरेथॉन पळणारे. आपला व्यायाम म्हणजे सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत पळत जाऊन ते गाठणं, अशी थट्टा याज्ञिकांची बाजू सांगताना त्या लेखातच केलेली आहे. मला हा माणूस तिथेच आवडला.

याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा पाठपुरावा केला. इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून बघितल्यावर दिसलं की आपली बाळं वजनाने हलकी, स्नायूंनी लहान, पण चरबी मात्र राखून जन्माला येतात. म्हणजे माझ्या बारीक दंडांचं आणि सुटलेल्या पोटाचं मूळ बरंच मागे होतं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त उचलतात ते स्नायू. तेच तुटपुंजे असले तर साखर जाणार कुठे?

"मॅडम, वजन कमी करायच्या मागे लागू नका," डॉक्टर म्हणाले. "चरबी उतरवा आणि मसल राखा. जमलं तर वाढवा."

ऐकायला सोपं. पण आपल्याकडे 'कमी करायचंय' म्हटलं की दोनच गोष्टी सुचवल्या जातात: रात्रीचं जेवण बंद करा आणि सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारा. चालण्याला माझा विरोध नाही, तलावाकाठची सकाळ सोलापुरात चुकवू नये अशीच असते. पण नुसती उपासमार केली की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. व्यायामाविना उतरलेल्या वजनातला साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतोच. ज्या अवयवावर रोज भार पडतोय तो शरीर सहसा मोडत नाही, आणि तो राखायला प्रथिनं लागतात. मुद्दा एवढाच आहे, बाकी सगळी अंमलबजावणी.

अंमलबजावणी ताटापासून सुरू झाली. आमचं घर लिंगायत, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. स्वयंपाकघरात छोटा काटा आणून ठेवला आणि रोजचं जेवण मोजायला घेतलं. ज्वारीच्या एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ. दोन भाकऱ्यांत प्रथिनं जेमतेम १२ ग्रॅम, त्यातही ज्वारीतलं प्रथिन शिजल्यावर पचायला जडच. शेंगाचटणी दोन चमचे, ५ ग्रॅम. कूट घातलेली वांग्याची भाजी, वर तर्री. दिवसाची बेरीज चाळिशीच्या आसपास अडकायची. रोजच्या गरजेचा सरकारी शास्त्रज्ञांचा आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, त्या हिशोबाने मला ४६ हवेत, म्हणजे फार बिघडलेलं नव्हतं. पण वजनं उचलून स्नायू वाढवायचे तर किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होत राहतो, असा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र निष्कर्ष २०१८ मध्ये निघालेला आहे. म्हणजे नव्वद. चाळिसाचे नव्वद करायचे आणि एकूण खाणं मात्र वाढू द्यायचं नाही. सातवीच्या मुलांना घालावं असं उदाहरण.

"शेंगा खा की, शेंगांत प्रोटीन असतं," असं सोलापुरात कुणीही सांगेल. असतं. पण शेंगदाण्यांतून २५ ग्रॅम प्रथिनं मिळवायची तर १०० ग्रॅम दाणे खावे लागतात आणि त्यासोबत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी येतात. तेवढीच प्रथिनं ५० ग्रॅम सोयावडीत पावणेदोनशे कॅलरीत बसतात. चटणी मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. फक्त ती आता प्रथिनांच्या रकान्यातून उठून तेलाच्या रकान्यात बसली. दोनाऐवजी एक चमचा, वर तेल नाही.

खरा आधार दिला तो हुलग्यांनी. १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रथिनं, तुरीच्या डाळीइतकीच, आणि पोटात दीर्घकाळ टिकणारे. सासूबाई हसल्या. "आमच्या गावाकडं हे बैलाला घालायचे." बैलांच्या अंगाकडे बघितलं तर ही काही तक्रार नव्हे. हुलग्यांचं माडगं आठवड्यात दोनदा होऊ लागलं, दह्याऐवजी चक्का आला, पनीर आलं. तरीही पंधरा-वीस ग्रॅम कमी पडत होते, म्हणून व्हे प्रोटीनचा डबा आणला. पनीरसाठी दूध फाडल्यावर उरणारं पाणी आपण कणकेत घालतो, त्याचाच हा वाळवलेला प्रकार, हे कळल्यावर सासूबाईंचा जीव शांत झाला. किंमत मी त्यांना अजून सांगितलेली नाही.

जिम अशोक चौकाच्या बाजूला, यंत्रमागांच्या खडखडाटात. बायकांची बॅच पहाटे साडेपाचची. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, नऊनंतर पत्र्याच्या शेडखाली वजन उचलणं म्हणजे स्वतःहून भट्टीत शिरणं. शिकवणारा मुलगा तेलुगू, मला 'अक्का' म्हणतो. पहिले काही आठवडे त्याने मला पेटीवर बसून उठायलाच लावलं, हातात काही नाही. मग डंबेल, मग बार.

सगळ्यात उशिरा जमली ती डेडलिफ्ट, जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं. "अक्का, पाठ वाकवू नका की ओ. कंबर मागं न्या, गुडघे नंतर." बार नडगीला घासूनच वर यायला हवा, एक वीत पुढे गेला तरी सगळा भार पाठीवर येतो. त्याने माझ्या पाठीवर झाडूची काठी उभी धरली. डोकं, पाठ आणि माकडहाड या तीन ठिकाणी ती टेकलेली राहिली पाहिजे, एक जरी सुटलं तरी पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या एक-दोन वेळा जड गेल्याच पाहिजेत, नाही गेल्या तर पुढच्या वेळी अडीच किलो जास्त. १० किलोपासून निघून आता ४० वर आहे. शेजारणी विचारतात, "दंड बाप्यासारखे होतील ना?" ज्या हार्मोनमुळे पुरुषांचे दंड फुगतात ते आपल्यात फारच थोडं असतं, म्हणून काळजी नको. माझे दंड अजून ब्लाउजच्या त्याच बाहीत मावतात.

भार पेलणं तसं घराला नवं नाही. माझे वडील गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलायचे. सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज संक्रांतीच्या दिवसांत अडुसष्ट लिंगांना निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ती उंचच उंच काठी तोल सावरत नेतात. यात्रा जानेवारीत, पण सराव कितीतरी आधी सुरू व्हायचा. अंगाने वडील किरकोळ होते. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात मात्र पिळदार. घरातल्या मुलींना त्या सरावाकडे लांबून बघायची मुभा होती. उचलून बघ असं कुणी म्हटलं नाही, आणि आमच्याही डोक्यात ते आलं नाही.

जिममध्ये चरबी मोजायचं यंत्र आहे. दोन मुठी धरायच्या, अंगातून बारीकसा विद्युतप्रवाह जातो आणि आकडे उमटतात. पाणी पिण्याआधी एक आकडा, प्यायल्यावर दुसरा, त्यामुळे मी त्याच्यावर अर्धाच विश्वास ठेवते आणि मोजते ते पहाटे उपाशीपोटी. वर्षाच्या आसपासच्या काळात वजन उतरलं फक्त दीड किलो. यंत्राच्या मते चरबी त्याच्या दुपटीहून जास्त गेली आणि स्नायू थोडे वाढले. यंत्राचं सोडा, टेप ८१ सांगते आणि एचबीएवनसी ५.७. नळाला आमच्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तेव्हा दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन मी मधल्या पायरीवर न टेकता वरच्या मजल्यावर पोचते. स्टाफरूममध्ये मात्र कुणाच्याच काही लक्षात आलेलं नाही, काटा हलला नाही तर लोकांना फरक दिसत नाही.

सगळं सरळ गेलं असंही नाही. लग्नसराईत जिम बुडते, शेंगापोळीला नाही म्हणणं माझ्या धर्मात बसत नाही, आणि पेपर तपासायच्या दिवसांत झोप पाच तासांवर आली की भूकही वाढते आणि बारही वर येत नाही. २०१६ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तरुण मुलांना चार आठवडे फार कमी खायला देऊन, कसून व्यायाम करवून, भरपूर प्रथिनं दिली होती; त्यांची जवळजवळ पाच किलो चरबी गेली आणि वर किलोभर स्नायू वाढले. त्यांना पेपर तपासायचे नव्हते, घरी सोयरीक जुळवायला पाहुणे येणार नव्हते. माझ्या वयाला आणि वेळापत्रकाला रोजच्या खाण्यात दोन-तीनशे कॅलरींची काटछाट पुरते. त्याहून जास्त कापलं तर बार लगेच चुगली करतो.

सासूबाई चौऱ्याहत्तरच्या. गेल्या महिन्यापासून त्याही जेवणाआधी हात न टेकता खुर्चीवरून उठबस करतात. दहा झाल्या की थांबतात. परवा विचारत होत्या, हातात तांदळाची पिशवी घेतली तर चालेल का. मी म्हटलं चालेल, पण आधी एक किलोची.